औषधाची पुडी

जुन्या वैद्यांची पुडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ती सहसा विसरतां येत नाहीं. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा, त्याच्या ठरलेल्या घड्या, आंत चिमूटभर चूर्ण आणि वर लिहिलेलें रोग्याचें नांव. पुडी घरीं बरोबर पोंचे. परंतु एकदां ती उघडून चूर्ण जिभेवर पडलें म्हणजे त्याच्या पुढील प्रवासावर कोणाचाच ताबा राहत नसे. दुखणें गुडघ्यांत असो कीं डोक्यांत, औषध सगळ्या शरीरांतून फिरणार, आणि फिरतां फिरतां जेथें दुखणें असेल तेथें त्याचा कांहीं अंश लागणार, असा तो व्यवहार होता. वैद्य जाऊन डॉक्टर आले, पुडी जाऊन गोळी आली, गोळीच्या जोडीस शिरेंतून थेंब थेंब जाणारी बाटली आली. पण हा व्यवहार फारसा बदलला नाहीं. औषधास रोग्याचा पत्ता माहीत असतो, रोगाचा नसतो.

साध्या दुखण्यांत ह्या अज्ञानाचें कांहीं बिघडत नाहीं. ताप उतरविणारें औषध तळपायापर्यंत जाऊन आलें म्हणून तळपाय तक्रार करीत नाहींत. परंतु औषध हेंच जेव्हां एक प्रकारचें विष असतें, आणि विष असल्यामुळेंच उपयोगी असतें, तेव्हां पत्त्याचा प्रश्न जीवनमरणाचा होतो. कर्करोगावर जीं रसायनें देतात त्यांची गोष्ट अशी आहे. त्यांतही मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावरचीं रसायनें गेलीं दोन वर्षें आम्हांस जवळून पाहावीं लागलीं. म्हणून त्यांजविषयीं, आणि तीं नेमक्या जागीं पोंचविण्याच्या एका नव्या खटपटीविषयीं, येथें चार शब्द लिहीत आहों.

आमचे एक स्नेही सोलापूरच्या पूर्व भागांत राहतात. त्यांचे आजोबा तेलंगणांतून येथें आले ते मागावर बसण्यासाठींच. वडिलांनीं जुन्या गिरणींत, म्हणजे १८७७ सालीं निघालेल्या आणि आतां केवळ नांवानें उरलेल्या गिरणींत, नोकरी केली. आणि आमच्या स्नेह्यांचे स्वतःचे चार यंत्रमाग आहेत, चादरीचे. चादरीचा माग पाहिला नाहीं असा सोलापूरकर विरळा. वर जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते, खालीं धोटा इकडून तिकडे धांवत असतो, आणि त्या आवाजांत शेजारच्या माणसाचें बोलणें ओठांवरून ओळखावें लागतें. अशा ठिकाणीं विणकराचें खरें भांडवल म्हणजे त्याच्या बोटांचीं टोकें. तुटलेली तार हुडकावयाची, बोट ओलें करावयाचें आणि अंगठा व तर्जनी ह्यांच्या चिमटींत गांठ मारावयाची, हें काम डोळ्यांपेक्षां बोटांचें. आमच्या स्नेह्यांची गांठ इतकी बारीक कीं फणींतून जातांना ती अडकत नसे, असा त्यांचा पेठेंत लौकिक होता.

शौचावाटे रक्त पडूं लागलें तेव्हां त्यांच्या घरीं सर्वांनीं मिळून मूळव्याध ठरवून टाकली. आमच्याकडे ह्या रोगाचें निदान शेजारीपाजारीच करतात. सात-आठ महिने ताक, सुरण आणि कोणीसा दिलेला लेप ह्यांवर गेले. पुढें वजन उतरलें, चेहरा पांढरा पडला, आणि मग दुर्बीण घालून पाहिलें तेव्हां डाव्या बाजूस आंतड्यांत गांठ निघाली. शस्त्रक्रियेसाठीं सिद्धेश्वर एक्सप्रेसनें मुंबईस जाणें झालें. रोग आंतड्याची भिंत ओलांडून लगतच्या बऱ्याच रसग्रंथींत गेला होता. म्हणून पुढें सहा महिने रसायनें घ्यावीं, दर पंधरवड्यास एक वेळ ह्याप्रमाणें बारा वेळां, असें ठरलें. हे उपचार सोलापुरांतच झाले. ते त्यांस ‘पाळी’ म्हणत. “आज माझी पाळी आहे, मास्तर,” असें सांगून ते रुग्णालयांत जात, जसे त्यांचे वडील गिरणींत जात असतील.

औषधें मुख्यतः दोन. पहिलें फ्लुओरोयुरॅसिल. तें १९५७ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांचे सहकारी यांनीं जगापुढें आणलें. अर्बुदाच्या पेशी युरॅसिल नांवाच्या एका पदार्थाचा अधिक खप करतात असें दिसून आलें होतें. हायडेलबर्गर यांनीं त्याच पदार्थांतील हायड्रोजनच्या एका अणूच्या जागीं फ्लोरिनचा अणु बसविला. पेशी खरा माल समजून तो आंत घेते, आणि थायमिन तयार करणारें तिचें यंत्र त्यांत अडकून पडतें. थायमिन नाहीं म्हणून नवें डीएनए नाहीं, आणि नवें डीएनए नाहीं म्हणून पेशीचें विभाजन नाहीं. चुकीची कांडी भरलेला धोटा जसा सबंध माग बंद पाडतो तसेंच हें. युक्ति सुरेख आहे; परंतु जी जी पेशी झपाट्यानें वाढते ती ती ह्या युक्तीस बळी पडते. तोंडाच्या आंतील त्वचा, आंतड्याचें अस्तर, हाडांतील मगज ह्यांस विभाजनाची घाई कर्करोगाइतकीच असते. त्यांतून हें औषध रक्तांत कांहीं मिनिटांपलीकडे टिकत नाहीं; म्हणून लहानसा पंप अंगावर बांधून तें सतत ४६ तास सोडावें लागतें.

दुसरें औषध ऑक्सॅलिप्लॅटिन. हें प्लॅटिनम धातूचें संयुग जपानांत नागोया येथें योशिनोरी किदानी यांनीं १९७६ सालीं तयार केलें. डीएनएच्या धाग्यांना तें जागजागीं टांके घालतें, इतके कीं ते पुन्हां उलगडूं नयेत. पण पाठीच्या कण्यालगत संवेदनेच्या मज्जातंतूंच्या ज्या गांठी असतात त्यांस रक्तापासून राखणारा तट फार दुबळा आहे. तेथें हें प्लॅटिनम सांचून राहतें. प्रथम थंडी सोसत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या पाळ्या चालूं असतांना गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. पहांटे नळाला हात लावला कीं विजेचा झटका बसावा तसे ते हात मागें घेत. पाण्याचा पेला त्यांना फडक्यांत गुंडाळून द्यावा लागे. पुढें बोटांना मुंग्या येऊं लागल्या, आणि मुंग्यांच्या मागून बधिरता आली. ह्या औषधाची आणखी एक खोड अशी कीं, तें बंद केल्यावरही कित्येक महिने ही बधिरता वाढत राहते.

बारावी पाळी संपल्यावर एके दिवशीं आम्ही त्यांच्या शेडमध्यें गेलों होतों. एक माग थांबला होता आणि ते त्याच्यापुढें वांकून उभे होते. तुटलेलीं दोन टोकें त्यांच्या चिमटींत होतीं. चिमटी बंद होई, परंतु तार निसटे. चौथ्यांदा निसटल्यावर सुनेनें येऊन गांठ मारली व माग चालूं केला. ते आम्हांस बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, “मास्तर, बोटं हायत, पण धागा कळंना.” थोड्या वेळानें म्हणाले, “जिवाबद्दल बोलत नाही मी. पण औषध गाठीला लागावं अन् बोटाला लागू नये, असं काय निघालंय का नाही कुठं?”

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधीत असतांना आम्हांस पुटिकांची हकीकत भेटली. शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या अंगापासून अत्यंत सूक्ष्म पुड्या बाहेर सोडीत असते. पुडीचें वेष्टण पेशीच्याच पापुद्र्याचें, स्निग्ध द्रव्याच्या दुहेरी थराचें. आंत पेशींतील प्रथिनें आणि आरएनएचे तुकडे. शास्त्रज्ञ त्यांस पुटिका म्हणतात, व त्यांतील एका बारीक जातीस एक्सोसोम. ह्या जातीचा व्यास सुमारें ३० पासून १५० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आमच्या स्नेह्यांस हा आंकडा आम्हीं असा समजावून दिला कीं, कापसाचा एक तंतु, म्हणजे सूत नव्हे तर सुतांतील एक केंस, घेतला तर त्याच्या जाडींत अशा शंभराहून अधिक पुड्या ओळीनें मांडतां येतील. त्यावर ते एवढेंच म्हणाले, “मग त्याला गाठ मारायला नको.”

ह्या पुड्यांचा इतिहास मौजेचा आहे, कारण आरंभीं त्यांस कोणी मान दिला नाहीं. १९४६ सालीं शारगाफ व वेस्ट ह्यांस रक्त गोठण्याचा अभ्यास करतांना रक्तद्रवांत कांहीं सूक्ष्म कणांचा सुगावा लागला. (हे तेच शारगाफ, ज्यांच्या आंकड्यांचा पुढें डीएनएची रचना उलगडण्यास उपयोग झाला.) १९६७ सालीं पीटर वुल्फ ह्यांनीं बिंबाणूंपासून निघणाऱ्या अशा कणांचें वर्णन केलें व त्यांस ‘बिंबाणूंची धूळ’ म्हटलें. १९८३ सालीं कॅनडांत मॉन्ट्रिऑल येथें रोझ जॉनस्टन व त्यांचे सहकारी मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींचें निरीक्षण करीत होते. पक्व होतांना पेशीस जीं प्रथिनें नकोशीं होतात तीं ती पुड्यांत बांधून बाहेर टाकते, असें त्यांस दिसलें. आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत सेंट लुई येथें हार्डिंग, स्टाल प्रभृतींनीं उंदराच्या पेशींत हेंच पाहिलें. १९८७ सालीं जॉनस्टनबाईंनीं ह्या पुड्यांस एक्सोसोम हें नांव दिलें. बाई मूळच्या पोलंडांतील लॉड्झ ह्या शहरच्या. तेंही आमच्या सोलापुरासारखेंच कापडाच्या गिरण्यांवर वाढलेलें गांव. तेव्हां कांहीं वर्षें सर्वांची समजूत अशी कीं, एक्सोसोम म्हणजे पेशीची केराची टोपली. १९९६ सालीं रापोसो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, संरक्षक पेशी ह्या पुड्यांच्या पृष्ठभागावर शत्रूच्या खुणा लावून त्या दुसऱ्या पेशींस दाखवितात. पुढें २००७ सालीं स्वीडनमध्यें गोटेनबर्ग येथें व्हालादी, लोटव्हाल व त्यांच्या सहकाऱ्यांस आढळलें कीं, एका पेशीचा आरएनए अशा पुडींतून दुसऱ्या पेशींत जातो, आणि तेथें त्याप्रमाणें कामही होतें. केर समजून ज्याकडे पाहिलें तें टपाल निघालें.

आपल्या महाराष्ट्रांतही ह्या टपालाचा अभ्यास झालेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत वैजयंती काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तरुण आधारपेशींपासून निघालेल्या पुटिका वयस्क उंदरांच्या रक्तजनक पेशींस देऊन पाहिल्या. त्या पेशींस पुन्हां कांहीं तारुण्य आलें, असें त्यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत कर्करोगाचें औषध नव्हतें. पण पुडींत जें असेल तें दुसऱ्या पेशीस पोंचतें आणि तिच्या स्वभावांत फरक पाडतें, हें त्यावरून दिसतें.

टपाल जर निसर्गच नेत असेल तर त्यांत आपलें पत्र कां घालूं नये, असा विचार सुचणें मग स्वाभाविकच होतें. माणसानें आपल्या हातीं केलेल्या स्निग्ध पुड्या औषधशास्त्रास नव्या नाहींत. डॉक्सोरुबिसिन हें औषध अशा पुडींत घालून देण्यास अमेरिकेंत १९९५ सालींच मान्यता मिळाली, व त्यामुळें त्या औषधाचा हृदयास होणारा त्रास कमी झाला. परंतु कृत्रिम पुडी शरीरास परकी असते. पेशीची पुडी घरची असते, आणि तिच्या अंगावर पेशीच्याच खुणा असतात. औषध आंत घालण्याच्या रीतीही वेगवेगळ्या. पुड्या औषधांत नुसत्या भिजत ठेवाव्या. अथवा विजेचा सूक्ष्म झटका देऊन वेष्टणास क्षणभर भोकें पाडावीं व तेवढ्यांत औषध आंत शिरूं द्यावें. अथवा पेशीलाच औषध पाजावें, म्हणजे ती मरतां मरतां औषधानें भरलेल्या पुड्या आपण होऊन सोडते.

ह्या शेवटच्या रीतीचा मोठा प्रयोग चीनमधील वूहान शहरांतला. तेथें के तांग, बो ह्वांग व त्यांचे सहकारी यांनीं कर्करोगाच्या पेशींस औषध देऊन त्यांवर अतिनील किरण सोडले, निघालेल्या पुड्या गोळा केल्या आणि त्या रोगी उंदरांस दिल्या. अर्बुदाच्या पेशी मेल्या, आणि एरव्हीं ह्या औषधांनीं जो त्रास होतो तो उंदरांस झाला नाहीं, असें त्यांनीं २०१२ सालीं लिहिलें. पुढें २०१९ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानें ज्यांच्या छातींत पाणी झालें होतें अशा थोड्या रोग्यांवर, त्यांच्याच अर्बुदपेशींपासून केलेल्या पुड्यांचा, चिनी वैद्यांनीं प्रयोग केला. येथें औषध शिरेंतून न देतां छातीच्या पोकळींतच सोडलें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पत्ता शोधण्याचें अर्धें काम वैद्यानें स्वतःच केलें होतें.

वूहानचें नांव वाचतांच सोलापूरकरास एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. आमच्या गांवांत १९१० सालीं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्यें गेले ते ह्याच वूहानच्या हांकौ भागांत पोंचले होते. १९४२ च्या डिसेंबरांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते तिकडेच वारले. भैय्या चौकांत त्यांचें स्मारक आहे आणि आम्ही त्यावरून नेहमींच जातों. येथून गेलेल्या वैद्यानें जखमा बांधल्या त्या शहरांतून आज येथल्या विणकराच्या प्रश्नाचें अर्धेंमुर्धें उत्तर येतें, ह्याचा आम्हांस उगाचच आनंद झाला. शास्त्रांत अशा आनंदास जागा नाहीं, हें कबूल. पण निबंधांत असूं द्यावा.

आतां खास मोठ्या आंतड्याविषयीं. २००८ सालीं चीनच्याच क्वांगशी प्रांतांतील वैद्यांनीं ह्या कर्करोगाच्या ४० रोग्यांस त्यांच्याच पोटांतील पाण्यांतून वेगळ्या केलेल्या एक्सोसोमचीं टोंचणीं दिलीं. त्यांत रसायन नव्हतें. शरीराची प्रतिकारशक्ति जागी करावी हा उद्देश होता. उपाय सोसण्यासारखा आहे एवढें ठरलें. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नास अधिक जवळचा प्रयोग २०२० चा. फ्लुओरोयुरॅसिलला दाद न देणाऱ्या आंतड्याच्या कर्करोगपेशी घेऊन चिनी संशोधकांनीं पाहिलें कीं, ह्या निर्ढावलेपणास एमआयआर-२१ नांवाचा आरएनएचा एक लहानसा तुकडा कांहीं अंशीं कारण आहे. त्यांनीं एकाच पुडींत फ्लुओरोयुरॅसिल आणि त्या तुकड्यास निष्प्रभ करणारें द्रव्य अशीं दोन्ही भरलीं, आणि पुडीच्या पृष्ठभागावर त्या पेशींस ओळखणारें एक प्रथिन बसविलें. म्हणजे पुडीवर पत्ता लिहिला. उंदरांत दोन्ही द्रव्यें मिळून दिल्यानें जो गुण आला तो एकेकट्यानें आला नाहीं. आमच्या मतें ह्या सबंध विषयांत इतकी नेटकी कल्पना दुसरी नाहीं.

परंतु उंदीर आणि मनुष्य ह्यांत अंतर आहे, आणि तें अंतर येथें फार मोठें आहे. शिरेंतून सोडलेल्या पुड्यांपैकीं बहुतेक थोड्याच वेळांत यकृत व प्लीहा ह्यांत जाऊन अडकतात. पत्ता कोणताही लिहिलेला असो, वाटेंतलें टपालघर त्या उचलून घेतें. कित्येक लिटर द्रवांतून मिळणारा माल मिलिग्रॅमांत मोजावा लागतो. एका दिवशींच्या पुड्या दुसऱ्या दिवशींच्या पुड्यांसारख्या असतीलच अशी शाश्वति नाहीं. आणि ज्याचा वाण दर ताग्यास बदलतो असा माल पेठेंत खपत नाहीं, मग शिरेंत कसा खपावा? त्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, कर्करोग स्वतःही हें टपाल वापरतो. २०१५ सालीं न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, अर्बुदाच्या एक्सोसोमवर ज्या जातीचीं इंटिग्रिन प्रथिनें असतात त्यांवरून त्या पुड्या फुप्फुसांत जाणार कीं यकृतांत हें ठरतें, आणि तेथें जाऊन त्या रोगाच्या पुढील मुक्कामाची जागा झाडून ठेवतात. तेव्हां अर्बुदाच्याच पुडींत औषध भरून तीच परत रोग्यास देणें, हें चोराच्या गाडींतून शिपाई पाठविण्यासारखें आहे. गाडींत शिपाईच आहे ना, ह्याची पक्की खात्री हवी. एक मात्र खरें. मोठ्या आंतड्याचा कर्करोग पसरतो तो बहुधा प्रथम यकृतांत. आणि पुड्याही यकृतांतच अडकतात. आज जो दोष म्हणून गणला जातो त्याचाच कधींकाळीं उपयोग होईल, असें आम्हांस वाटतें. हा केवळ आमचा तर्क आहे.

कांहींजणांनीं पेशीऐवजीं दुधाकडे धांव घेतली आहे. अमेरिकेंत लुईव्हिल येथें रमेश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं गाईच्या दुधांतील एक्सोसोममध्यें औषधें भरून पाहिलीं. दुधांत ह्या पुड्या विपुल असतात आणि तोंडावाटे देतां येतात. त्याच शहरांतील विद्यापीठानें वनस्पतींपासून मिळणाऱ्या पुड्यांतून हळदींतील कर्क्युमिन आंतड्याच्या निरोगी व रोगी भागांस पोंचवावें, असा माणसांवरील एक प्रयोगही नोंदविला. हें ऐकून आमच्या स्नेह्यांच्या पत्नी फार खूष झाल्या. पंढरपुरी म्हशीचें दूध आणि सांगलीची हळद ह्यांवर त्यांचा विश्वास पूर्वींपासूनच होता. आतां त्यास अमेरिकेची साक्ष मिळाली! कपांत हळद घालून दूध पिणें आणि दुधांतील पुडी वेगळी काढून, भरून, मोजून देणें ह्यांत काय अंतर आहे तें आम्हीं सांगून पाहिलें. त्या म्हणाल्या, “असूं द्या. प्यायला काय हरकत आहे?” हरकत कांहींच नव्हती.

हरकत निघाली ती दुसऱ्याच गोष्टीस. एका मोठ्या शहरांतील एका दवाखान्याचें चकचकीत पत्रक कोणीतरी त्यांच्या हातीं दिलें होतें. त्यांत एक्सोसोम हा शब्द होता, सुंदर निळ्या गोळ्यांचें चित्र होतें, आणि ‘दुष्परिणामांवांचून’ कर्करोगावर व बधिरतेवर एकत्र उपचार करण्याचें आश्वासन होतें. किंमत विचारली तेव्हां ती दोन मागांइतकी निघाली. आमचे स्नेही दोन माग विकावयास तयार झाले होते. गिऱ्हाईकही ठरलें होतें. आम्हीं त्यांस तीन प्रश्न पुसावयास सांगितले: पुड्या कोणाच्या पेशींच्या? आंत औषध कोणतें आणि किती? माणसांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल कोठें छापला आहे? पलीकडून उत्तरें आलीं तीं अशीं कीं, हें सर्व आपण प्रत्यक्ष आल्यावर सांगूं. २०१९ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें नेब्रास्का येथील रोग्यांस अमान्य एक्सोसोमच्या उपचारांनीं गंभीर अपाय झाल्यावरून जाहीर इशारा दिला होता. तो आम्हीं त्यांस मराठींत करून वाचून दाखविला. हें लिहीपर्यंत कर्करोगाचें रसायन पोंचविणाऱ्या एकाही एक्सोसोम-औषधास त्या खात्याची मान्यता मिळालेली नाहीं.

ते ऐकून घेत होते. शेवटीं म्हणाले, “मास्तर, तुम्हीच सांगितलं ना असं निघालंय म्हणून? मग विकत मिळतंय तर मिळत नाही कसं म्हणता?” ह्या प्रश्नांत राग होता, आणि त्याचें कारण आम्हांस कळत होतें. प्रयोगशाळेंत निघणें आणि रोग्याच्या हातीं पडणें ह्यांत जो दहा-वीस वर्षांचा रस्ता असतो तो त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसास दिसणें कठीण. पंधरा-वीस दिवस ते आमच्याशीं बोलले नाहींत. मागांचा सौदा मात्र त्यांनीं पुढें ढकलला.

दरम्यान आम्हीं वाचलें त्यांत एक गोष्ट अशी निघाली कीं, बोटें वांचविण्याचें काम पुटिकांच्या आधीं एका साध्या हिशेबानें केलें आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन सहा महिनेच कां द्यावें, तीन महिने कां नको, हें पाहण्यासाठीं १२ देशांतील सहा प्रयोगांचे मिळून १२,८३४ रोगी मोजले गेले, आणि निकाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. एका पद्धतींत सहा महिने औषध घेणाऱ्यांपैकीं ४७.७ टक्क्यांस उपचाराच्या काळांत बधिरतेचा बराच त्रास झाला. तीन महिने घेणाऱ्यांपैकीं १६.६ टक्क्यांस. ज्यांचा रोग थोड्या ग्रंथींत व फार खोल नसलेला असा होता त्यांस विशिष्ट औषधयोजनेनें तीन महिने जवळजवळ तितकेच गुणकारी ठरले. रोग पुष्कळ ग्रंथींत गेलेल्यांस मात्र सहा महिन्यांची बाजू जड राहिली. आणि आमचे स्नेही त्या वर्गांतले. ते सात-आठ महिने आधीं दुर्बिणीखालीं आले असते तर कोणत्या वर्गांत असते, हें कोणी सांगूं शकत नाहीं. आम्हींही त्यांस तें कधीं सुचविलें नाहीं.

आधीं येण्याची गोष्ट निघाली म्हणून बार्शीचें नांव घेतलें पाहिजे. सोलापूर जिल्ह्यांतील ह्या गांवीं नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोगाचें रुग्णालय आहे, आणि १९८७ पासून बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांची कर्करोगनोंद तेथें ठेवली जाते. खेड्यांपुरती अशी नोंद भारतांत प्रथम येथेंच सुरू झाली. मोठ्या आंतड्याचा कर्करोग त्या नोंदींत थोडा आढळतो. ज्वारीची भाकरी, कडधान्यें, अंगमेहनत ह्यांस कोणी त्याचें श्रेय देतात. पण रोग विरळ असला म्हणजे त्याचा संशयही विरळ येतो; रक्त दिसलें कीं मूळव्याधच आठवते. त्याच बार्शीच्या लोकांनीं शेजारच्या, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांमध्यें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून पाहिली, आणि २००९ सालीं दाखविलें कीं, विषाणूच्या एकाच तपासणीनें त्या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यावर येतात. त्या प्रयोगाच्या नीतीवरून पुढें वाद झाला, आणि तो होणें योग्यही होतें. परंतु खेड्यांतील बायका घरोघर जाऊन मोजतां येतात आणि वांचवितां येतात, हें त्यानें सिद्ध केलें. आंतड्याच्या बाबतींत शौचांतील अदृश्य रक्त शोधण्याची चांचणी स्वस्त आहे, बरीच जुनी आहे, आणि तिला कोणतीही पुडी लागत नाहीं. आमच्या पेठेंत ती माहीत असलेला मनुष्य आम्हांस एकही आढळला नाहीं. आतां अकरा आहेत, कारण आमच्या स्नेह्यांनीं आपल्या भावकींत चाळिशीच्या पुढच्या सर्वांस ती करावयास लाविली. सगळ्यांस ते एकच वाक्य सांगतात, तें येथें छापण्याजोगें नाहीं.

चारही माग अजून चालूं आहेत. गांठी सून मारते. आमचे स्नेही दारापाशीं खुर्ची टाकून बसतात, आणि तार तुटली कीं कोणता माग व कोणत्या बाजूस हें आवाजावरून सांगतात. दहांपैकीं नऊ वेळां तें बरोबर निघतें. डाव्या हाताच्या करंगळींत अलीकडे थोडें कळूं लागलें आहे असें ते म्हणतात. करंगळीनें गांठ मारतां येत नाहीं, ही गोष्ट वेगळी. रक्ताच्या मागील तपासणींत आंकडा हद्दींत होता. पुढची तपासणी गड्ड्याच्या यात्रेनंतर आहे.